बडोद्याच्या राजवाड्यातील अनाम स्त्रियांवर ऐतिहासिक कथा-कादंबरी कशी लिहावी

ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसणाऱ्या बहुतेकांच्या मनात आधी एक राणी येते. बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या घरी दर रविवारी लिहिणारी चार-पाच मंडळी जमतात. त्यांतल्या प्रत्येक नव्या माणसाला मी सुरुवातीला एवढेच सुचवते, की राणीला तूर्त तिच्या जागी राहू द्यावे आणि तिचे नऊवारी लुगडे कोणी नेसवले, निऱ्या कोणी चापून बसवल्या, याचा विचार करावा. राजा रविवर्मा यांनी काढलेले पहिल्या चिमणाबाईंचे व्यक्तिचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. महाराणी चित्रकारासमोर येऊन बसण्यापूर्वी दागिने जामदारखान्यातून मोजून बाहेर आले असतील, ते अंगावर चढवायला आणखी कोणाचे तरी हात लागले असतील, आणि बैठक संपल्यावर तेच दागिने पुन्हा मोजून परत गेले असतील. त्यात एखादा मोती कमी भरला असता, तर जाब कोणाला विचारला गेला असता? ज्या बाईला तो विचारला गेला असता, तिच्याविषयी लिहायचे असेल तर काय करावे, ते मला आलेल्या अनुभवावरून सांगते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. दुर्लक्षित स्त्रीला न्याय द्यायचा म्हणून लेखक तिला हेर करतात, महाराजांची गुप्त प्रेयसी करतात किंवा गादीचा सारा कारभार पडद्याआडून चालवणारी चतुर दासी करतात. हेतू चांगला असतो, परंतु असे केल्याने ती वाचकाला पुन्हा गादीच्या संदर्भातच भेटते, आणि पहाटे चुलाणावर पाणी तापवण्यापासून रात्री समई शांत करण्यापर्यंतचा तिचा दिवस कुणालाच दिसत नाही. तिच्या कामाची सगळी कृती तुम्हाला हाताने करता येईल इतकी माहीत झाली, म्हणजे तिच्यासाठी वेगळे मोठेपण शोधावे लागत नाही.

पहिले काम वर्ष ठरवण्याचे

"गायकवाडांच्या काळात" असे म्हणून भागत नाही. पिलाजीरावांपासून १९४९ मध्ये राज्य विलीन होईपर्यंत हा काळ सव्वादोनशे वर्षांचा आहे, आणि त्यात दासीच्या आयुष्यातल्या वस्तू, कायदे आणि भाषा कितीदा तरी बदलल्या. माझा आग्रह असतो की कथा सहा-आठ महिन्यांच्या चौकटीत बसवावी आणि ती चौकट अशी निवडावी, की ज्या काळात दरबाराचे लक्ष भलतीकडे असेल पण निकाल स्त्रियांच्या खोलीत लागत असेल.

बडोद्याच्या इतिहासात अशी एक चौकट फार ठळक आहे. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले तेव्हा जमनाबाई महाराणी गरोदर होत्या. खंडेरावांनी ज्यांना बडोद्याजवळच्या पादरा गावी कैदेत ठेवले होते ते त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव मोकळे होऊन राज्यावर आले, परंतु जमनाबाईंना मुलगा झाला असता तर गादी त्या मुलाची होती. जिवाच्या भीतीने जमनाबाई रेसिडेन्सीच्या, म्हणजे बडोद्यातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) ठाण्याच्या, आश्रयाला गेल्या, आणि जुलै १८७१ मध्ये त्यांना मुलगी झाली, तीच ताराबाई. त्या सात महिन्यांत रेसिडेंट, दिवाण, सरदार आणि सावकार या सर्वांचे डोळे एका बाळंतपणाकडे लागले होते. इतिहासाच्या पुस्तकात यावर एखादे वाक्य मिळते. तुम्ही मात्र विचार करा, की बाळंतपणाच्या खोलीत जी कोणी बाई जमनाबाईंच्या पायाशी बसली असेल, तिला बडोद्याचा राजा कोण हे रेसिडेंटच्या आधी काही क्षण समजलेले होते. तिने ते कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगितले? सांगताना तिला आनंदाचा चेहरा करावा लागला, की बाहेर थांबलेल्या माणसांकडे पाहून तोही आवरावा लागला? मुलगी झाल्याचे सांगणाऱ्या सुइणीला एरवी कमी बक्षीस मिळे. इथे मात्र काहींच्या दृष्टीने ती सर्वांत मौल्यवान बातमी होती, आणि ज्या बाईची तिने सेवा केली तिच्यासाठी तीच बातमी सर्वस्व गमावल्याची होती. एवढ्यावर एक संपूर्ण लघुकादंबरी उभी राहू शकते, आणि तिच्यात एकही दरबार भरवण्याची गरज नाही.

दुसरी चौकट १८७५ च्या मे महिन्याची. मल्हाररावांना पदच्युत केल्यावर जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळरावाला दत्तक घेतले आणि तो बारा वर्षांचा मुलगा तिसरा सयाजीराव झाला. दत्तक घेणाऱ्या आईविषयी बरेच लिहिले गेले आहे. जिने मुलगा दिला त्या उमाबाईंविषयी मात्र आपण जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. त्या राजघराण्याच्याच भाऊबंदकीतल्या, म्हणजे नात्याने गायकवाडच, पण शेतीवाडीच्या घरातल्या. मुलगा राजा होतो, आणि धर्मशास्त्राप्रमाणे त्याच दिवसापासून तो आपला मुलगा राहत नाही. त्यानंतर त्यांनी मुलाला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हा एकच प्रश्न घेऊन एखादी उत्तम कथा लिहिता येईल. आमच्यातल्या एका मुलीने तसा प्रयत्न केला होता. तिने उमाबाईंना सबंध कथेत त्याला नावाने हाकच मारू दिली नाही, आणि मला तो निर्णय अतिशय योग्य वाटला.

तिसरी चौकट १८८० ते १८८५ या वर्षांतून निवडता येईल. तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई सयाजीरावांशी लग्न होऊन आल्या आणि पहिल्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तन बडोद्यात आले, गौरा आणि कांतिमती या नर्तकी आल्या, त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, आणि वादक आले. राज्यातल्या गवई, वादक आणि नर्तकींची व्यवस्था कलावंत कारखाना हे खाते पाहत असे. १८८५ मध्ये चिमणाबाई ऐन तारुण्यात वारल्या. जिच्या माहेरच्या आठवणीसाठी या स्त्रिया हजार मैल दूर आल्या होत्या ती गेली, आणि त्या मात्र राज्याच्या चाकरीत, परक्या भाषेच्या गावात राहिल्या. राणीच्या निधनानंतरच्या पहिल्या दसऱ्याला त्यांना नाचण्याचे बोलावणे आले असेल, तर पायात घुंगरू बांधताना त्या आपसात काय बोलल्या असतील, याचा विचार मी अजूनही करते.

कागद कसे वाचावेत

बडोद्यात राहणाऱ्याला एक मोठी सोय आहे. कोठीच्या इमारतीत गुजरात राज्य अभिलेखागाराचे दप्तर आहे, आणि जुन्या बडोदे राज्याचा मराठी पत्रव्यवहार निवडून छापलेलाही आहे. छापील निवडीपासून आरंभ करावा, हे खरे. मात्र ती निवड करणाऱ्यांना तह, लढाया आणि वारसाहक्क महत्त्वाचे वाटत होते. कुणबिणीला, म्हणजे वाड्यावरच्या दासीला, दिवाळीला काय दिले, ते त्यांनी छापले नाही. त्यासाठी रोजकीर्द, खतावणी आणि खासगीकडचे जमाखर्च यांच्याकडे वळावे लागते, आणि त्यासाठी मोडी लिपी आली पाहिजे. ती शिकण्यास वेळ लागतो, पण रोज एक पान वाचण्याचा नेम ठेवला तर सहा-सात महिन्यांत नजर बसते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून घाई करू नये. एका जुन्या घराण्याच्या खासगी जमाखर्चाच्या नकला वाचताना मला एका कुणबिणीच्या नावापुढे "सुत" असा शब्द मिळाला. सुत म्हणजे मुलगा, असे धरून मी आठ दिवस तिच्या मुलाविषयी टिपणे केली, त्याचे वय ठरवले, त्याला घोड्याच्या पागेत कामाला लावले, त्याच्या आजारपणावर एक प्रकरण लिहिले. पुढच्या पानावर तोच शब्द शेरांत मोजलेला सापडला. ते सूत होते. तिला वाती वळायला सूत दिले होते. मी ते सारे प्रकरण काढून टाकले, आणि त्याच्या जागी वाती वळण्याचे एक पान लिहिले. मांडीवर सूत वळताना मांडीची कातडी कशी गुळगुळीत आणि निबर होते, तळहाताला राख का लावतात, फुलवात आणि लांब वात यांत सूत किती कमी-अधिक लागते, हे मी शेजारच्या आजींकडून समजून घेतले. वाचणाऱ्यांना हे पान पुस्तकातले सर्वांत खरे वाटले.

अशा नोंदीतून माणूस कसा काढावा, ते दाखवण्यासाठी मी वर्गात एक नमुन्याची ओळ देते. ती मीच रचलेली आहे, पण तिची ठेवण जुन्या हिशेबांसारखी आहे: "काशी कुणबीण, लुगडे १, खण १, दिवाळीबद्दल." या सहा-सात शब्दांत किती तरी गोष्टी आहेत. काशीच्या नावापुढे "बाई" नाही, म्हणजे कारकुनाच्या लेखी तिचा दर्जा काय होता ते तिथेच समजले. पेशवाईच्या कागदांत कुणबीण आणि बटीक हे शब्द विकत घेतलेल्या किंवा अपराधाबद्दल सरकारजमा झालेल्या स्त्रियांसाठी येतात, तेव्हा ती इथे कशी आली हा प्रश्न टाळता येत नाही. खण दिला आहे, म्हणजे ती चोळी शिवून घालणारी आहे, आणि शिवण्याची मजुरी नोंदीत नाही, म्हणजे बहुधा तिनेच शिवायची आहे. लुगड्याचा रंग आणि किंमत लिहिलेली नाही, पण त्याच पानावर इतर कोणाच्या लुगड्याची किंमत लिहिली असेल, तर दोघींतले अंतर आकड्यांत मिळते. मागच्या वर्षीच्या दिवाळीला तिला काय मिळाले होते? पुढच्या वर्षी तिचे नाव आहे का? नसेल तर ती मेली, पळाली, विकली गेली की दुसऱ्या वाड्यावर दिली गेली? मी लेखकांना सांगते, की या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने द्या, पण वही ज्या जागी गप्प झाली तिथून ते सुरू झाले आहे हे वाचकाला जाणवू द्या.

हिशेबांत मोईन (बांधून दिलेली रक्कम), तैनात, नेमणूक, शिधा असे शब्द येतात. ते सगळे "पगार" या एका शब्दात बसवू नयेत. शिधा घेणाऱ्या बाईच्या हाती रोख पैसा येत नाही, ती धान्य विकून पैसा करते किंवा करूच शकत नाही, आणि पैसा हाती असणे-नसणे यावर पळून जाण्याची तिची शक्यता अवलंबून असते. कथानकाचे एक मोठे वळण अशा एका शब्दाच्या अर्थात लपलेले असू शकते.

पत्रांचे मायने, म्हणजे आरंभीची संबोधने, वाचायलाही शिकावे. सौभाग्यवती स्त्रीला लिहिलेल्या पत्रात "वज्रचुडेमंडित" येते, विधवेला "गंगाजळनिर्मळ" येते. पत्र उघडल्याबरोबर पहिल्या ओळीत तिचा नवरा जिवंत आहे की नाही ते समोर येते, आणि नवरा गेल्यानंतर आलेल्या पहिल्याच पत्रात बदललेला मायना वाचणारी स्त्री हे दृश्य मला आजवर कोणत्याही मराठी कादंबरीत वाचायला मिळालेले नाही. कोणीतरी ते लिहावे.

जबान्यांविषयी विशेष सावधगिरी

हिशेबाच्या वहीत बाई बोलत नाही. न्यायाधीशापुढे मात्र तिला बोलावे लागते. म्हणून जबान्या हे या विषयाचे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत फसवे साधन आहे. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आळ मल्हाररावांवर आला, आणि १८७५ च्या आरंभी सर रिचर्ड काउच यांच्या अध्यक्षतेखाली सहा सदस्यांच्या कमिशनपुढे चौकशी झाली. तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव होते. आरोप सिद्ध झाल्याचे इंग्रज सदस्यांनी म्हटले, हिंदी सदस्यांनी तसे म्हटले नाही. हे सगळे प्रसिद्ध आहे. या चौकशीत रेसिडेन्सीतली आया, अमिना, साक्षीदार म्हणून उभी राहिली आणि रात्रीच्या वेळी आपण महाराजांकडे वाड्यावर गेल्याचे तिने सांगितले. आरोपीच्या वतीने विलायतेहून आलेले नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन होते. एका आयेचे बोलणे इतक्या मोठ्या लोकांनी इतक्या बारकाईने ऐकल्याचा आणि ते छापून ठेवल्याचा प्रसंग बडोद्याच्या इतिहासात क्वचितच दुसरा असेल.

परंतु ते बोलणे आपल्यापर्यंत कसे येते, ते पाहा. अमिनेने आपल्या बोलीत उत्तर दिले, दुभाष्याने त्याचे इंग्रजी केले, लेखनिकाने ते लिहिले, मग ते छापले गेले, आणि आता आपण त्याचे मराठी करणार. त्याआधी मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर यांच्या तपासातून ती गेलेली होती. आपण जे बोलू त्यावर आपली सुटका अवलंबून आहे, हे जाणणाऱ्या बाईचे ते शब्द आहेत. तिने खरे सांगितले की पढवलेले सांगितले, याचा निवाडा कादंबरीकाराने करू नये. कमिशनलाही तो एकमताने करता आला नाही. तिच्या उत्तरांतल्या ज्या गोष्टी कोणत्याही पक्षाला उपयोगाच्या नव्हत्या, म्हणजे कोण बरोबर होते, कोणत्या गाडीतून गेली, कोणत्या दाराने आत गेली, किती वेळ थांबावे लागले, त्यांवर अधिक विश्वास ठेवावा आणि दृश्य त्यांवर उभारावे. आणि तिच्या तोंडी नवे वाक्य घालताना एक पथ्य पाळावे: कमिशनपुढे तिने दिलेले उत्तर बदलू नये, पण त्या उत्तराच्या आधीची रात्र आणि नंतरचा दिवस पूर्णपणे तुमचा आहे.

घर, पाणी, कापड

काळाच्या चुका राजकारणात क्वचित होतात, कारण तारखा तपासायला आपण विसरत नाही. त्या घरातल्या वस्तूंत होतात. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला, तरी १८७५ च्या कथांतली दासी त्याच्या जिन्यावरून धावताना मला वारंवार आढळते. त्या काळी राहणे शहरातल्या सरकारवाड्यात, नजरबागेत आणि मकरपुऱ्यात होते. जुन्या वाड्यात अंग चोरून बोळातून जाणारी दासी आणि नव्या राजवाड्याच्या प्रशस्त दालनांतून जाणारी दासी यांची चाल वेगळी, आणि मालकिणीची हाक ऐकू येण्याचे अंतरही वेगळे. जुन्या वाड्यांची घडण पाहायची असेल तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहावा. तो बडोद्याचे दिवाण राहिलेल्या भाऊ तांबेकरांचा, चार मजली लाकडी वाडा आहे, आणि त्याच्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रे पोशाख, वाद्ये आणि बैठकीच्या रीती यांसाठी अतिशय उपयोगी आहेत. चित्रांच्या कडांना उभ्या असलेल्या, चवरी किंवा तबक धरलेल्या स्त्रियांपाशी थांबून पाहावे. त्यांचे पदर कुठून कुठे गेले आहेत, हे टिपून घ्यावे.

पाण्याचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा आहे. आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले ते १८९२ च्या सुमारास. त्याआधीच्या कथेत वाड्यातले प्रत्येक स्नान, प्रत्येक स्वयंपाक, प्रत्येक सोवळे हे विहिरीवरून कोणीतरी आणलेल्या पाण्यावर चालते. सोवळ्याचे पाणी कोण भरणार आणि खरकटी भांडी कोणत्या पाण्याने घासली जाणार, यात जातीची सगळी उतरंड उघड होते. राजघराणे मराठा, मुदपाकखान्यातले आचारी ब्राह्मण, सामिष स्वयंपाकाची चूल वेगळी, आणि अंगण झाडणारी बाई या सर्वांच्या सावलीपासून दूर. ही उतरंड गुळगुळीत करून सगळ्या जणी एकमेकींच्या मैत्रिणी दाखवणे, हा त्या स्त्रियांवर अन्याय आहे असे माझे ठाम मत आहे. मैत्री दाखवायचीच असेल तर ती उतरंड ओलांडायला प्रत्येकीला काय किंमत पडली, तेही दाखवावे.

कपड्यांविषयी एक प्रसंग सांगते. माझ्या पहिल्या कथेत मी वाड्यावरच्या एका ब्राह्मण विधवा सोवळेकरणीला पांढरे पातळ नेसवले होते. आमच्या गल्लीतल्या, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंना मी ती कथा वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग एवढेच म्हणाल्या, "माझी आत्या आलवणात होती गं. तांबडं आलवण. धुऊन धुऊन विटायचं, पण पांढरं कधी नव्हतं." त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून, कानामागे दाबून, केशवपन केलेल्या डोक्यावर तो कसा धरून ठेवावा लागे ते बसल्या जागी करून दाखवले. केस नसले की पदर घसरतो, त्यामुळे काम करताना एक हात पुन्हा पुन्हा डोक्याकडे जातो. हे मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते. पांढऱ्या पातळाची कल्पना माझ्या मनात चित्रपटांतून आली होती, आणि मी ती तपासली नव्हती.

रेल्वे, दिवे, चहा, आगकाड्या यांच्या बाबतीतही असेच सावध राहावे. डभोई ते मियागाम हा खंडेरावांनी घातलेला छोटा लोहमार्ग १८६२ मधला आहे, आणि आरंभी त्यावरचे डबे बैल ओढत असत. म्हणून १८७० मधली डभोईकडची कुणबीण रूळ पाहिलेली असू शकते, इंजिन मात्र तिने बडोद्याला आल्यावर पहिल्यांदा पाहिले असेल. असा एक तपशील पात्राच्या नजरेत घातला, की वेगळे काळाचे वर्णन करावे लागत नाही.

कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलेल

बडोद्याच्या राजवाड्यावर लिहिणाऱ्याला पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या भाषेवर भागवता येत नाही. वाड्यात मराठी, मांडवीच्या बाजारात गुजराती, फौजेत आणि रेसिडेन्सीच्या नोकरांत हिंदुस्थानी, तंजावरकर नर्तकींच्या घरात तमिळ आणि त्यांच्या पदांत तेलुगू, अशी ती बोलण्याची घडण आहे. दासी बहुधा या सीमांवरून रोज ये-जा करते. राणीला गुजराती येत नसेल आणि दासीला येत असेल, तर बाजारभावापासून अफवांपर्यंत सगळे तिच्या तोंडून वाड्यात शिरते. तिला हेर करण्याची गरज नाही असे मी वर म्हटले ते यासाठीच. भाजी आणायला गेलेली बाई जे ऐकून येते ते पुरेसे असते.

संबोधने पक्की करावीत. मालकिणीला "बाईसाहेब", वडील राणीला "मासाहेब" किंवा "आऊसाहेब", महाराजांना "सरकार" अशी रीत ठेवली तर चूक होत नाही. दासी एकमेकींशी "अगं" म्हणूनच बोलतील. निवेदनाची भाषा मात्र बखरीसारखी करू नये. "मजला", "तुम्हांस", "जाहले" यांनी पानेच्या पाने भरली की वाचकाला जुन्या काळाचा वास येत नाही, फक्त थकवा येतो. आपली आजची प्रमाण मराठी वापरावी आणि तिच्यातून नंतरच्या काळाच्या कल्पना काढून टाकाव्यात. "माझे अस्तित्व", "माझा निर्णय", "मानसिक त्रास" हे शब्द १८७१ मधल्या सुइणीच्या मनातही येऊ देऊ नयेत. तिला दुःख होते, पण ती त्याला नशीब म्हणेल, भोग म्हणेल, पोटात खड्डा पडला म्हणेल, किंवा काहीच न म्हणता जात्यावर बसेल. जात्यावरच्या ओव्या त्यासाठी मोठ्याने वाचाव्यात, शक्य तर ज्यांना चालीवर म्हणता येतात त्यांच्याकडून ऐकाव्यात. माहेर, भाऊ, सासू, विठ्ठल, भूक आणि मरण यांविषयी लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रिया किती नेमके बोलत, ते तिथे कळते, आणि मग संवाद आपोआप आखूड होतात.

लावणीतली स्त्री मात्र जपून वापरावी, कारण ते बोलणे बहुतेक वेळा पुरुष शाहिराने तिच्या तोंडी घातलेले असते. दरबारच्या नर्तकीविषयी लिहिताना तर तिच्या शृंगारापेक्षा तिच्या रियाजाकडे, गुडघ्यांच्या दुखण्याकडे आणि वय झाल्यावर मोईन चालू राहील का या काळजीकडे लक्ष द्यावे. या घराण्यांचे वंशज आज आपल्यात आहेत. जे नाव इतिहासात नोंदलेले आहे त्याच्याविषयी कागदात नसलेली बदनामी लिहू नये. तशी घटना कथेला हवीच असेल, तर पात्राला नवे नाव द्यावे.

प्रत्यक्ष लेखन

सगळी टिपणे झाल्यावर मी एका कागदावर पात्राची जाण लिहून काढते. घटनेच्या दिवशी तिला काय ठाऊक आहे, काय ऐकू येते पण कळत नाही, आणि काय तिला कधीच कळणार नाही. जमनाबाईंच्या सुइणीला वारसाहक्काचा कायदा कळणार नाही, कलकत्त्याहून येणारी तार कळणार नाही. पण बाहेर पहारा वाढला आहे, नेहमीची दाई बदलली आहे, अन्न आधी कोणीतरी चाखून पाहते आहे, हे तिला नक्की दिसेल. निवेदन तिच्या जाणिवेच्या बाहेर एकदाही जाऊ देऊ नये. इतिहास समजावून सांगण्यासाठी दिवाणाला खोलीत आणून बोलायला लावण्याचा मोह झाला, की समजावे आपण पात्र सोडून दिले आहे. वाचकाला थोडे कमी कळले तरी चालेल, तो शोधून वाचतो.

पहिला खर्डा तिच्या एका दिवसाचा लिहावा, ज्या दिवशी काहीही घडत नाही. तो पुस्तकात राहो वा न राहो, पण तो लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण मोठी घटना घडते तेव्हा तिच्या दिवसातले नेमके काय मोडले, हे तुम्हाला त्यावरूनच समजते. माझ्या सुइणीच्या तशा दिवसात ती सकाळी नखे काढते, हात राखेने घासते, एरंडेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवते आणि गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटते, कारण डोळे उघडे असले तर हाताला नीट कळत नाही, असे तिच्या आईने तिला शिकवलेले असते. बाळंतपणाच्या रात्री ती हेच सगळे पुन्हा करते. फक्त या वेळी डोळे मिटताना तिला दारापाशी उभ्या माणसांचा श्वास ऐकू येतो, आणि ती पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवते.

पुस्तकाच्या शेवटी एक-दोन पानांची टीप अवश्य द्यावी आणि तीत कोणती माणसे व घटना नोंदलेल्या आहेत, कोणत्या कल्पिलेल्या आहेत, ते सरळ सांगावे. वर सांगितलेल्या सुइणीचे नाव मी येसू ठेवले आहे. ते कोणत्याही कागदात नाही, आणि टीपेत मी तसेच लिहिले आहे.